आधी कर्णा, मग बटण

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात माझ्या एका प्राध्यापक स्नेह्यांचे वडिलोपार्जित घर आहे, आणि त्या घराच्या माळ्यावर, रिकाम्या कणग्या, मोडका पाळणा आणि जुन्या पंचांगांचे गठ्ठे यांच्या सोबतीला, गेली तीसएक वर्षे एक व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर गोणपाटात गुंडाळून ठेवलेला होता. स्नेह्यांचे वडील पंचक्रोशीत ‘लाउडस्पीकरवाले अण्णा’ म्हणून ओळखले जात. दोन कर्णे, एक मायक्रोफोन, वायरीची भेंडोळी आणि हा अ‍ॅम्प्लिफायर एवढ्या भांडवलावर त्यांनी लग्ने, जत्रा, कीर्तनसप्ताह आणि निवडणुकांच्या सभा वर्षानुवर्षे सांभाळल्या. त्यांची भाड्याची वही मी पाहिली आहे. प्रत्येक नोंदीत तिथी, गाव, कारण आणि मिळालेली रक्कम लिहिलेली असून, जिथे रक्कम मिळाली नाही तिथे ‘देवाचे काम’ एवढाच शेरा मारलेला आहे. पुढे ट्रान्झिस्टरचे हलके अ‍ॅम्प्लिफायर आले, त्यांच्यामागून ध्वनिक्षेपकांच्या भिंती आल्या, आणि ज्या यंत्राने चार गावांना हरिपाठ ऐकवला ते माळ्यावर गेले.

गेल्या वर्षी पुण्यातील एका गिटारवादक तरुणाने त्या यंत्राचे छायाचित्र पाहिले आणि ते विकत घेण्याची तयारी दाखवली. हल्ली अशी गिऱ्हाइके पुष्कळ आहेत. कोणाला गिटारसाठी व्हॉल्व्हचा आवाज हवा असतो, कोणाला ग्रामोफोनच्या तबकड्या त्यांच्या काळच्या यंत्रावर ऐकायच्या असतात. तरुणाने किंमतही बरी सांगितली. अट एकच घातली, की यंत्र चालू स्थितीत असावे. स्नेह्यांचा मला दूरध्वनी आला तो याच संदर्भात. “आज संध्याकाळी प्लगला लावून बघतो,” ते म्हणाले, “लागला तर लागला, नाही तर भंगार म्हणून देऊन टाकू.”

“लावू नका,” मी म्हणालो, आणि बहुधा माझा स्वर चढला असावा, कारण पलीकडे क्षणभर शांतता पसरली.

तो स्वर चढण्याचे कारण जुने आहे. मी सतरा वर्षांचा असताना आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ, तोही असाच दीर्घकाळ बंद असलेला, एका दुपारी मोठ्या उत्साहाने प्लगला लावला होता. डायलमागचा दिवा लागला, मंद घरघर ऐकू आली, मी आजीला हाक मारली, आणि ती येईपर्यंत रेडिओच्या मागील बाजूने तापलेल्या डांबराचा वास येऊ लागून एक काळी तार लाकडी फळीवरून खाली ओघळली होती. ट्रान्सफॉर्मर जळून गेला होता. रेडिओ त्यानंतर कधीही बोलला नाही, आणि आजी त्याविषयी कधी काही बोलली नाही. ‘एकदा लावून तर पाहू’ या चार शब्दांइतका घात जुन्या यंत्रांचा इतर कशानेही केलेला नाही, ही माझी तेव्हापासूनची खात्री आहे.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी त्या यंत्राची घडण थोडी पाहिली पाहिजे. निर्वात काचनळीत तापलेल्या धातूपासून धन पट्टीकडे वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहाचा व्यवहारी उपयोग करण्याचा हक्क जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ साली इंग्लंडात नोंदवला. दोन वर्षांनी अमेरिकेत ली द फॉरेस्ट यांनी त्या नळीत तिसरा अवयव, तारेची एक जाळी, बसवली, आणि त्या जाळीवरील किंचितशा दाबाने पट्टीकडे जाणारा मोठा प्रवाह कमीजास्त करता येतो हे दिसून आले. कीर्तनकाराच्या घशातून निघालेली क्षीण लहर त्या जाळीवर येते आणि तिचीच प्रतिमा, शतपटीने बलवान होऊन, पट्टीवर उमटते. मात्र या चमत्काराला जबर किंमत मोजावी लागते. काचेतील तंतू तापवण्यास अवघे ६.३ व्होल्ट पुरतात, पण पट्टीवर तीनशे-चारशे व्होल्टांचा एकदिश दाब द्यावा लागतो, आणि तो दाब स्थिर ठेवण्याचे काम ज्या कंडेन्सरांकडे असते तेच यंत्रातील सर्वांत अल्पायुषी घटक होत. त्यांच्या आतील अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा एक अतिसूक्ष्म थर असतो. वापरात असेतो विजेचा दाबच त्या थराची डागडुजी करीत राहतो. वर्षानुवर्षे यंत्र निपचित पडले, की थर विरत जातो. अशा कंडेन्सरावर एकाएकी संपूर्ण दाब आला, तर तो वीज साठवण्याऐवजी आरपार जाऊ देतो, तापतो, फुगतो, प्रसंगी फुटतो, आणि जाताना ट्रान्सफॉर्मरलाही सोबत नेतो. माझ्या आजोबांच्या रेडिओचे बहुधा असेच झाले.

पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या गजबजाटापासून थोड्या अंतरावर, व्हॉल्व्हच्या यंत्रांची दुरुस्ती अजूनही करणारे एक वयोवृद्ध कारागीर आहेत. त्यांच्याकडे आम्ही ते धूड घेऊन गेलो. दुकानाची रुंदी जेमतेम दोन हातांची, भिंतीला व्हॉल्व्हच्या जुन्या खोक्यांची उतरंड, आणि बाकाखाली जाड रबरी चटई. या कारागीर काकांनी गोणपाट सोडले, झाकण उचलले, आणि पहिला अर्धा तास त्यांनी विजेचे नावही काढले नाही. आधी हुंगून पाहिले; जळका वास नव्हता. मग बॅटरीच्या उजेडात प्रत्येक वायर पाहिली. उंदरांनी दोन ठिकाणी आवरण कुरतडले होते. कोणता व्हॉल्व्ह कोणत्या बैठकीत आहे याचा नकाशा कागदावर काढून मगच ते एकेक करून बाहेर काढले. दोन ईएल ३४, दोन ईसीसी ८३ आणि दाब एकदिश करणारा एक जीझेड ३४ असे पाच व्हॉल्व्ह निघाले. त्यांपैकी पहिल्या चारांवर बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सची, म्हणजे १९५४ साली स्थापन झालेल्या आपल्या सरकारी कारखान्याची, मुद्रा अजून वाचता येत होती. काचेच्या माथ्यावरचा रुपेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली असे समजावे आणि तो व्हॉल्व्ह मृत धरावा. इथे सगळे डाग आरशासारखे होते.

मग त्यांनी फ्यूजची टोपी फिरवली. आत काचेच्या फ्यूजऐवजी तांब्याच्या तारेचा पीळ भरलेला होता. कोण्या जत्रेत, रंगात आलेल्या कार्यक्रमात, फ्यूज उडाला असेल आणि कोणीतरी वेळ मारून नेली असेल. पण ती तार तशीच राहिली, आणि स्नेह्यांनी त्या संध्याकाळी प्लग लावला असता तर यंत्र आणि आग यांच्यामध्ये उभे राहणारे काहीही नव्हते. “ही तार बघितली का, साहेब?” काका म्हणाले. “मी आधी हेच बघतो. फ्यूज सांगतो, आधीच्या माणसानं मशीन कसं वापरलं ते.” त्यांनी तिथे एक अँपिअरचा फ्यूज घातला. प्लगाची वायर दोनपदरी होती. तीही काढून त्यांनी तीनपदरी घातली आणि तिसरा पदर यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला घट्ट जोडला, जेणेकरून आतली वीज कधी सांगाड्यावर आली, तर तिला मनुष्याच्या देहाखेरीज दुसरी वाट मिळावी.

इथे एक सावधगिरीची गोष्ट विस्ताराने सांगणे मला अगत्याचे वाटते, कारण तिच्या अज्ञानाने जीव गेलेले आहेत. प्लग काढला म्हणजे यंत्र निर्जीव झाले, ही समजूत खोटी आहे. पन्नास मायक्रोफॅरडच्या एका कंडेन्सरात ४५० व्होल्ट साठले असता सुमारे पाच ज्यूल इतकी ऊर्जा असते, आणि ती हृदयावाटे गेली तर तिचे परिणाम प्राणघातक होऊ शकतात. काका दर वेळी, आपण नुकतेच बंद केलेले यंत्र असले तरी, दहा हजार ओहमचा, पाच वॅटचा एक रेझिस्टन्स लाकडी दांडीला बांधून कंडेन्सरवर काही क्षण धरीत, आणि मग मीटरने दाब शून्यावर आला आहे याची खातरजमा करूनच हात आत घालीत. पेचकसाने ठिणगी पाडून कंडेन्सर रिकामा करण्याची जी रीत कित्येक दुकानांतून दिसते, ती त्यांना मान्य नाही. तिने कंडेन्सरही दुखावतो आणि डोळेही. मीटर लावताना त्यांचा डावा हात खिशात असे, कारण दोन हातांनी दोन टोके धरली तर प्रवाहाची वाट छातीतून जाते. घरातील गळतीरोधक स्विच आपल्याला वाचवील या भरवशावरही कोणी राहू नये. तो स्विच घरात येणाऱ्या विजेवर पहारा देतो. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे निर्माण झालेल्या चारशे व्होल्टांची त्याला वार्ताही नसते.

यानंतर मेगर लावून ट्रान्सफॉर्मरचे वेढे सांगाड्यापासून अलग आहेत की नाहीत हे पाहिले. ते अलग होते. जुने कंडेन्सर सुधारतात का, म्हणून एकावर मोठ्या रेझिस्टन्समधून थोडाथोडा दाब चढवून पाहिला. घरी व्हेरिअ‍ॅक लावून यंत्राचा दाब हळूहळू वाढवणाऱ्या हौशी मंडळींना काकांनी एक मार्मिक गोष्ट सांगितली: ज्या यंत्रात दाब एकदिश करणारा व्हॉल्व्ह असतो, तिथे तो व्हॉल्व्ह पुरेसा तापेपर्यंत कंडेन्सरांना काहीच मिळत नाही, आणि तापला की एकदम मोठा दाब मिळतो, तेव्हा नुसता व्हेरिअ‍ॅक फिरवून कंडेन्सर सुधारल्याचे समाधान मिळते, कंडेन्सर मात्र सुधारत नाही. म्हणून ते बाहेरच्या स्वतंत्र पुरवठ्यावर हा प्रयोग करतात. पहिल्या तासात गळती उतरली. दोनशे व्होल्टांच्या पुढे मात्र ती हटेना. काकांनी निर्णय दिला, की दाब स्थिर ठेवणारे हे सर्व कंडेन्सर बदलावेत.

स्नेह्यांनी हरकत घेतली. जुन्या वस्तूंच्या बाजारात मूळ घटकांना मोल असते, बदललेल्या यंत्राची किंमत घसरते, असे त्यांनी कोठेसे वाचले होते. माझे मत याविषयी स्पष्ट आहे. लाकडाची पेटी, नामफलक, ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह हे यंत्राचे व्यक्तित्व आहे आणि त्याला हात लावू नये. परंतु वाळून गेलेला कंडेन्सर हा वारसा नव्हे, तो गिऱ्हाइकाच्या घरी पाठवलेला धोका आहे. काकांनी तंटा मोठ्या सौजन्याने मिटवला: नवे कंडेन्सर सांगाड्याखाली लपवून बसवले, जुन्यांचे डबे बाहेरून होते तसे ठेवले, आणि काढलेला प्रत्येक सुटा भाग एका कापडी पिशवीत घालून, यंत्रासोबत देण्यासाठी, प्राध्यापकांच्या हवाली केला.

आणि मग एक बल्ब आला. लाकडी पाटावर एक होल्डर, एक सॉकेट आणि एक स्विच, हा सिरीज बोर्ड प्रत्येक जुन्या इलेक्ट्रिशियनकडे असतो. पण त्याचे शहाणपण मी त्या दिवशी प्रथम डोळ्यांनी पाहिले. यंत्राकडे जाणारी वीज आधी साठ वॅटच्या साध्या तंतूच्या बल्बातून जाते. एलईडीचा दिवा या कामी निरुपयोगी. यंत्रात कोठे शॉर्ट असेल, तर सगळा दाब बल्ब स्वतःवर घेतो आणि लखलखीत पेटतो. यंत्र मात्र वाचते. यंत्र निर्दोष असेल, तर बल्ब क्षणभर उजळून मग मंदावतो. काकांनी आधी एकही व्हॉल्व्ह न घालता नुसता ट्रान्सफॉर्मर जोडला. बल्बाचा तंतू निखाऱ्यावर राख धरावी तसा जेमतेम तांबूस झाला आणि तसाच राहिला. प्राध्यापकांनी धरून ठेवलेला श्वास सोडलेला मला ऐकू आला. तंतूंना वीज देणारे वेढे, उच्च दाबाचे वेढे, सगळ्यांचे आकडे काकांनी कागदावर उतरवले, मग जीझेड ३४ आणि दोन्ही ईसीसी ८३ घातले आणि पुन्हा बल्बाकडे पाहिले. तो किंचित उजळला आणि पुन्हा बसला.

दोन्ही ईएल ३४ अजून बाहेरच होते, आणि त्याला कारण होते. आधीच्या टप्प्यातून ध्वनीची लहर या मोठ्या व्हॉल्व्हच्या जाळीपर्यंत नेणारा जो छोटा कंडेन्सर असतो, त्याने लहर जाऊ द्यावी आणि एकदिश दाब अडवावा अशी अपेक्षा असते. तो गळू लागला, की जाळीवर धन दाब येतो, व्हॉल्व्हचा लगाम सुटतो, त्याची पट्टी लालभडक होते, आणि व्हॉल्व्हमागोमाग आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जातो. काकांनी रिकाम्या बैठकीच्या पाचव्या पायावर मीटर ठेवले. एका बाजूस शून्य. दुसऱ्या बाजूस अकरा व्होल्ट. “हा बघा चोर,” ते म्हणाले. बोटाच्या पेराएवढा, मेणचट तपकिरी रंगाचा कंडेन्सर. तो बदलल्यावर तिथेही शून्य आले. व्हॉल्व्ह बसवून प्लग लावला असता, तर हे अकरा व्होल्ट डोळ्यांना दिसले नसते. दिसली असती ती त्यांची करणी.

आता व्हॉल्व्ह बसवण्यापूर्वी काकांनी मोठा, चिनी मातीच्या नळीवर तार गुंडाळलेला आठ ओहमचा, पन्नास वॅटचा रेझिस्टन्स कर्ण्याच्या जागी जोडला. मी कारण विचारले, पण उत्तर काकांच्या आधी प्राध्यापकांनीच दिले. त्यांनी यंत्राचे झाकण उलटे केले. आतल्या बाजूस पांढऱ्या रंगाने, अण्णांच्या वळणदार अक्षरांत, एक ओळ लिहिलेली होती: ‘आधी कर्णा जोडा, मग बटण दाबा.’ लहानपणी अण्णांच्या हाताखाली काम करताना ही ताकीद आपण शेकडो वेळा ऐकली, एकदा तिच्यासाठी थप्पडही खाल्ली, पण तिचे कारण आपल्याला कधी कळले नाही, असे ते म्हणाले.

कारण काकांनी सांगितले. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर कर्ण्याशिवाय चालू ठेवला तर सहसा बिघडत नाही, त्याला भय असते तारा एकमेकींना चिकटण्याचे. व्हॉल्व्हच्या यंत्राचे भय नेमके उलटे आहे. तिथे आवाजाची शक्ती आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून बाहेर पडते. पलीकडे कर्णा नसेल, तर त्या शक्तीला जायला जागा राहत नाही. वेढ्यांमध्ये दाब हजार व्होल्टांच्याही पुढे उसळतो, आवरण भेदतो, आणि तो ट्रान्सफॉर्मर निकामी होतो. व्हॉल्व्ह आजही रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन या देशांत तयार होतात आणि विकत मिळतात. पण या यंत्राच्या मापाचा मूळ ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळणार नाही. अण्णांना वेढ्यांचे शास्त्र ठाऊक होते की नव्हते, हे सांगायला आज कोणी नाही. मात्र त्यांच्या सर्व कारकिर्दीत तो ट्रान्सफॉर्मर जळला नाही. काकांनी मोजली तेव्हा दोन्ही बाजूंच्या वेढ्यांची मापे जवळजवळ सारखी आली.

ईएल ३४ बसले. बल्ब जरा अधिक उजळला, स्थिर राहिला, आणि अर्ध्या तासाने काकांनी सिरीज बोर्ड काढून यंत्र थेट २३० व्होल्टांवर घेतले. काचेत नारिंगी तंतू दिसू लागले. कडेच्या काचेवर निळसर झाक आली, तिला भिण्याचे कारण नसते, पट्ट्यांच्या मधोमध जांभळे धुके दिसले असते तर काळजी होती. प्रत्येक व्हॉल्व्हखालच्या ४७० ओहमच्या रेझिस्टन्सवर एकीकडे २४ आणि दुसरीकडे २६ व्होल्ट भरले, म्हणजे प्रवाह अनुक्रमे ५१ आणि ५५ मिलिअँपिअर. पट्टीवरचा दाब हिशेबात घेता प्रत्येकावर अठरा वॅटच्या आसपास भार पडत होता, आणि मर्यादा आहे पंचवीस. मग लहर सोडून शक्ती मोजली. नामफलकावर तीस वॅट लिहिलेले आहेत. लहरीचे शेंडे चपटे होण्यापूर्वी रेझिस्टन्सवर १४.२ व्होल्ट मिळाले, म्हणजे पंचवीस वॅट. दोन तास यंत्र तसेच चालू ठेवले. ट्रान्सफॉर्मरवर तळहात ठेवून धरता येत होता.

शेवटी रेझिस्टन्स काढून काकांनी दुकानातला एक ध्वनिक्षेपक जोडला, अर्थात यंत्र बंद करून, आणि मायक्रोफोन प्राध्यापकांच्या हाती दिला. त्यांनी तोंडाजवळ नेला, आणि ‘हॅलो’ म्हणण्याऐवजी वडिलांच्या सवयीप्रमाणे “रामकृष्णहरी” म्हणाले. त्या दोन हातांच्या दुकानात तो आवाज इतका निकट आणि उबदार उमटला, की बाहेर वायरीची भेंडोळी खांद्यावर घेऊन चाललेला हमाल थांबून आत पाहू लागला.

विक्रीचा तपशील त्याच बाकावर बसून लिहिला. काकांच्या कागदावरचे सर्व आकडे त्यात आले. काय मूळचे आहे, काय बदलले, कोणत्या तारखेला, तेही आले. शक्तीच्या रकान्यात प्राध्यापकांनी आधी तीस लिहिले होते, ते खोडून पंचवीस केले. तरुण यंत्र न्यायला गावी आला तेव्हा त्याने तो कागद उभ्याउभ्या दोनदा वाचला आणि ठरलेल्या रकमेतला एक रुपयाही कमी केला नाही. व्हॉल्व्ह काढून एकेक कापसात गुंडाळून वेगळे दिले, कारण ट्रान्सफॉर्मरच्या वजनाला प्रवासात हिसका बसला की काच टिकत नाही. काढलेल्या भागांची पिशवीही दिली. कागदावर शेवटची ओळ, वापराबद्दलच्या सूचना या मथळ्याखाली, एकच होती. ती प्राध्यापकांनी झाकणावरून शब्दशः उतरवून घेतली होती आणि खाली वडिलांचे नाव घातले होते.